बोरखेडीचं एकेचाळिसावं नाव

हिंगणीची एसटी सेलूच्या स्टँडवर थांबली, की ड्रायव्हर चहाला उतरे आणि सुमतीबाई खिडकीच्या गजाला डोकं टेकवून डोळे मिटत. झोप काही यायची नाही. फक्त डोळे मिटलेले बरे वाटत. अकरा वर्षं त्या या रस्त्यानं जात-येत होत्या. रस्त्याकडेची झाडं वाढली, काही तोडली गेली, कंडक्टर बदलले, तिकीट वाढलं. बाईंच्या मांडीवरची कापडी पिशवी तेवढी तीच होती. तिच्यात एक वही, पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा आणि गुडघ्याला चोळायची मलमाची ट्यूब.

दोन हजार दोन सालचा श्रावण होता. पुढच्या वर्षी बाई शाळेतून निवृत्त होणार होत्या. त्यांचं पुस्तक लिहून झालं होतं, नागपूरच्या छापखान्यात गेलंही होतं. अडलं होतं एका नावापाशी. त्या एका नावासाठी बाई बोरखेडीला निघाल्या होत्या, आणि ते मिळेल असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं.

सुमतीबाई वर्ध्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. पिपरी मेघेत दोन खोल्यांचं घर, मागं कढीलिंबाचं झाड, नवरा कृष्णकांत कचेरीतला कारकून. एका वर्षी नववीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, बायांना मत द्यायचा हक्क कोणी दिला?” पुस्तकात त्याबद्दल एक ओळ होती. स्त्रियांना मताधिकार मिळाला. मिळाला! जणू देवळाबाहेर रांगेत उभ्या राहिल्या आणि हातावर प्रसाद पडला. “उद्या सांगते,” बाई म्हणाल्या. तो उद्या काही लवकर उजाडला नाही.

सुट्ट्यांमागून सुट्ट्या बाई नागपूरच्या ग्रंथालयांत बसल्या. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींतली धूळ खाल्ली, तिनं दम्यासारखा खोकला लागला. इंग्रज असताना इकडच्या शिकलेल्या बायांनी मतासाठी अर्ज केले होते, सह्या गोळा केल्या होत्या, पुरुषांनी भरलेल्या सभेत उभं राहून भाषणं केली होती. त्यांची नावं छापून आलेली होती, ती मिळाली. मग सदतिसाच्या निवडणुकीत नवऱ्याच्या शेतीवाडीवर काही बायांना मत मिळालं. शेत नवऱ्याचं, म्हणून मत बायकोला. त्यांतल्याही काही सापडल्या. पण देश स्वतंत्र झाला, मत सगळ्यांचं झालं, तेव्हा खेड्यातल्या दाराआडच्या बाईचं काय झालं, हे कुठल्या कागदात नव्हतं.

ते सापडलं प्रभाकरराव मास्तरांच्या ट्रंकेत. मास्तर हिंगणीला राहत, ऐंशीच्या घरात होते. पहिल्या निवडणुकीच्या आधी सरकारनं त्यांना मतदारांची नावं लिहायला आसपासच्या गावांत पाठवलं होतं. बोरखेडी त्यांतलंच एक. त्यांनी आपली कच्ची वही जपून ठेवली होती, का ठेवली ते त्यांनाही सांगता आलं नाही.

“मी दारात उभा,” मास्तरांनी सांगितलं होतं. “विचारलं, बाई, नाव सांगा. बाई कवाडाआड. आतून सासू म्हणे, लिही रूपरावची बायको. मी म्हटलं, तसं चालत नाई माय, तिचं नाव पाह्यजे. तं म्हणे, आमच्या सुनेचं नाव सरकारले काऊन पाह्यजे? सरकार का तिले सोयरीक पाहून राह्यलं?”

“मग?”

“मंग काय! गल्लीत हसले सारे. मी लिहिलं, रूपरावची बायको. पुढच्या घरी गणपतची माय. त्याच्या पुढं हरबाची विधवा. काही दिवसांनी वरून हुकूम आला, ज्याले सोताचं नाव नाई ते नाव कापा. तिकडं लाखो बायांचे कापले म्हणत. मी बी कापले. लाल शाईनं.” मास्तरांनी वही पुढं सरकवली. “एकेचाळीस आहेत. मोजून घ्या. मी लई डाव मोजल्या.”

मास्तर दोन वर्षांनी वारले. वही बाईंकडे राहिली.

त्या एकेचाळीस बायांची खरी नावं शोधायची, एवढंच बाईंनी मनाशी धरलं होतं. दोन सुट्ट्यांचं काम वाटलं होतं. पण बोर नदीवर धरण झालं तेव्हा बोरखेडी अर्धी उठून गेली होती. कोणी सेलूला, कोणी वर्ध्याला, कोणी कुठल्या जंगलाकडच्या वस्तीवर. आणि बाई मेली असेल तर तिचं नाव घरच्यांनाही ठाऊक नसायचं. सून घरात आली की तिला तिच्या माहेरच्या गावावरून हाक पडायची, केळझरवाली, आर्वीवाली. पोरगं झालं की पोराची माय. म्हातारी झाली की बुडी. नातवाला विचारावं, आजीचं नाव काय रे, तर तो डोकं खाजवी. “आजीले नाव रायते का बाई?”

तरी एकेक सापडत गेलं. कुठं रेशनकार्डात, कुठं सातबाऱ्यावर, कुठं लग्नातल्या भांड्यावर कोरलेलं. काही बाया जित्या भेटल्या. सेलूच्या आनंदाबाईला बाईंनी सांगितलं, की तुमचं नाव यादीतून कापलं गेलं होतं, तर ती बिनदातांचं हसली. “असं झालं होतं का? मी गेलती ना मत द्याले, नवं लुगडं नेसून. बाबू म्हणे, तुमचं नाव नाई. मी म्हटलं नसन बाप्पा. घरी आली, भाकरी टाकल्या.” आणि जरा थांबून म्हणाली, “लुगड्याची घडी मात्र मोडली गेली वो.”

दहा वर्षांत चाळीस नावं झाली. उरलं सतराव्या ओळीतलं. रूपरावची बायको.

रूपराव जिवंत होते. नव्वदीला आलेले, दिवसभर अंगणातल्या बाजेवर बसलेले. ती बायको त्यांची पहिली. चोपन्न साली बाळंतपणात गेली, मूलही गेलं. माहेर आर्वीकडचं. बाई आर्वीला तीनदा जाऊन आल्या. माहेरचं घर कापसाचं गोदाम झालं होतं, भाऊ गाव सोडून गेला होता, कुठं ते कोणी सांगेना. म्हणजे ते नाव ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता.

पहिल्या भेटीत रूपरावांनी नुसती मान हलवली. “नाव घेऊन का कराचं आहे? मी तिले कधी नावानं हाकच नाई मारली. अंगणात येऊन खाकरलो का ती समजे. एक डाव खाकरलो तं पाणी, दोन डाव खाकरलो तं जेवण.”

“पण तुमच्या आईनं, वडिलांनी कधी...”

“बाई, आमच्यात माणूस बायकोचं नाव घेत नाई आन् बायको माणसाचं. तुमच्यात घेत असन. शिकलेले लोक.”

पुढच्या भेटींत ते तिच्याबद्दल भरभरून बोलले. ती डावरी होती. पांढऱ्या बैलाला भ्यायची, पण मारकी गाय तिच्याच हातानं दूध द्यायची. निंदताना सगळ्यांच्या पुढं राहायची. तिच्या भाकरी जाड असत, पण तव्यावर कधी करपल्या नाहीत. बाईंनी सगळं लिहून घेतलं. नाव सोडून त्या बाईचं सगळं त्यांच्या वहीत आलं होतं.

प्रत्येक वेळी चहा घेऊन यायच्या त्या मनकर्णाबाई, रूपरावांची दुसरी बायको. पंचावन्न साली लग्न होऊन आलेल्या, आता सत्तरीकडे झुकलेल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. चहा ठेवायच्या आणि पहिलीचा विषय निघाला की उठून आत जायच्या. बाईंना वाटायचं, दुखत असेल. पन्नास वर्षं झाली तरी सवत ती सवत.

बाईंनी जिल्ह्यातल्या दोनशे बायांना प्रश्न विचारले होते. नवरा मारतो का, हेही विचारलं होतं. मनकर्णाबाईंना मात्र एकही प्रश्न विचारला नाही. सवतीपुढं सवतीचं नाव काढू नये, हे काही त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून अंगातच भिनलेलं होतं, आणि एवढी पुस्तकं वाचूनही ते तिथंच बसून होतं.

त्या दिवशी, श्रावणातल्या त्या दुपारी, बाईंनी पुन्हा नाव विचारलं. रूपरावांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली.

“एक सांगू का बाई? रागावसान.”

“नाही रागावत. बोला.”

“मी लाजेनं सांगत नाई असं तुमी समजल्या. मी बी समजू देलं.” त्यांनी टोपीच्या कडेवरून अंगठा फिरवला. “मले ध्यानातच नाई. किती वर्सं झाले आठवून राह्यलो. तिचं तोंड दिसते. हात दिसते. नाव येत नाई.”

बाईंनी वही मिटली. अंगणात कोंबडी दाणे टिपत होती. बाजेला धरूनच बाई उठल्या.

फाट्यापर्यंत पायवाट होती. निम्म्या वाटेवर मागून आवाज आला. “वो मास्तरीणबाई, थांबा जरा.” मनकर्णाबाई होत्या. पदर खोचलेला, हात शेणाचे. धावत आल्या होत्या, पण दम लागला होता तो बाईंनाच.

“बाटली विसरल्या तुमी.” त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. बाईंनी घेतली तरी त्या जाईनात.

“अकरा वर्सं झाले येऊन राह्यल्या,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “त्याईले विचारता. मास्तरले विचारलं. आर्वीले जाऊन आल्या म्हणे. साऱ्या गावाले विचारलं, मले नाई विचारलं कधी.”

“तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं मला, मावशी.”

“वाईट?” मनकर्णाबाई मोठ्यानं हसल्या. “सत्तेचाळीस वर्सं झाले तिले ताट वाढून राह्यली मी. मले काऊन वाईट वाटन? भेटली असती तं भांडलो असतो दोघी. भेटलीच नाई.”

बाईंचा हात पिशवीतल्या वहीकडे गेला. “म्हणजे तुम्हाला नाव ठाऊक आहे?”

“सासूनं सांगतलं होतं. लगन होऊन आली त्या साली. म्हणे, पितरात अहेव नवमी येते, जी बाई कुंकवानं गेली तिचा तो दिवस. तिच्या नावानं सवाष्ण जेऊ घालाची आन् तिले नाव घेऊन बलवाचं. नाई बलवलं तं ते येत नाई, आन् मंग तुह्या लेकरायले बाधते. मी लहान होती, भेली. तवापासून एक साल चुकवलं नाई.”

“मग सांगा ना. मी इथंच लिहून घेते.”

मनकर्णाबाईंनी मान हलवली. “असं वाटेवर नाई सांगत. वर्सातून एक डाव तिचं नाव घेतो आमी, ते बी माणसं घरात नसताना. बुड्याले मंदिरात बसवून येते. तुमी नवमीले या. मले सवाष्ण पाह्यजेच आहे औंदा. प्रमिलाबाई येत जाये दरसाली, वीस वर्सं तिनंच जेवलं. औंदा माघात तिचा मालक गेला. आता कशी बसवू तिले पाटावर?”

एसटी आली. बाई चढल्या. सेलूपर्यंत त्यांनी डोळे मिटले नाहीत.

गोष्ट वरून साधी होती. जायचं, जेवायचं, नाव घेऊन यायचं. पण सुमतीबाई एकोणतीस वर्षांत कुठं सवाष्ण म्हणून जेवल्या नव्हत्या. हळदीकुंकवाला गेल्या नव्हत्या. त्यांची आई तिशीच्या आत विधवा झाली होती आणि घरात हळदीकुंकू असलं की मागच्या पडवीत चुलीपाशी बसायची. पन्हं तीच करायची, डाळ तीच वाटायची, पेले तीच भरून द्यायची, आणि बाहेरच्या बाया ते पिऊन म्हणायच्या, वा, काय चव आहे. आई गेली त्या वर्षी बाईंनी ठरवलं, हे आता पुरे. शेजारणी रुसल्या, नणंदा बोलल्या, बाई ढळल्या नाहीत. पुस्तकात तर त्यांनी यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. नवऱ्याच्या जिवंत असण्यावर बाईचा मान ठरतो, तोवर तिचं मत तिचं म्हणता येत नाही, असं त्यात त्यांचं वाक्य होतं.

आणि आता प्रमिलाबाईच्या पाटावर, प्रमिलाबाई विधवा झाली म्हणून, त्यांनी बसायचं होतं.

घरी आल्यावर त्यांनी कृष्णकांतांना सगळं सांगितलं. ते निवृत्त झाल्यापासून भाजी निवडायला शिकले होते. मेथीची पानं खुडता खुडता ऐकत होते.

“म्हणजे माझ्या जिवावर जेवायला चाललीस,” ते म्हणाले. “मी आहे म्हणून तुला ताट. जपून ठेव मला नवमीपर्यंत.”

“चेष्टा नका करू हो.”

“चेष्टा कुठं? सदतीस साली नवऱ्याच्या शेतावर मत होतं, तूच सांगितलंस ना मला.”

बाईंच्या मनात नेमकं तेच चाललं होतं, फक्त ते असं मेथीच्या जुडीवर कोणी बोलून दाखवेल असं वाटलं नव्हतं.

“मग नको जाऊ?”

“ते मी कसं सांगू? तुझं पुस्तक आहे.” त्यांनी देठं बाजूला केली. “मी असतो तर एखादं नाव टाकून दिलं असतं. कोण तपासायला येतं?”

छापखानेवालाही तेच म्हणाला. बाईंनी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडीतून त्याला फोन लावला. नवमीपर्यंत थांबाल का, विचारलं.

“मॅडम, ऐका. पितृपक्षात नवं काम कोणी आणत नाही, मशीन रिकामी राहते. म्हणून तुमचं त्यात घेतलं. नवरात्र लागलं की पावत्या, पोस्टर, लग्नपत्रिका, मला श्वास घ्यायला टाइम नाही. चाळीस नावं छापली ना? एकीला काय अडलं? लक्ष्मी टाका. घरोघरी एक लक्ष्मी असतेच.”

“नको. वहीत आहे तसंच राहू द्या.”

“रूपरावची बायको?”

“हो.”

फोन ठेवल्यावर बाई बूथमधल्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिल्या. बाहेर रांगेतला माणूस काचेवर टकटक करू लागला, तेव्हा उठल्या. पुस्तक आता त्या बाईवाचूनच निघणार होतं. तरी नवमीला जायचं का? कोणासाठी? पण नाव कळण्याची एकच दुपार वर्षात येत होती, मनकर्णाबाई सत्तरीला आल्या होत्या, आणि बाईंना आता पुढच्या वर्षाचा भरवसा कशाचाच वाटत नव्हता, गुडघ्यांचासुद्धा.

नवमीला त्या गेल्या. शाळेत रजेचा अर्ज देताना कारण लिहिलं, घरगुती.

बोरखेडीत पोचल्या तेव्हा वड्यांचा वास अंगणाबाहेर येत होता. बाज रिकामी होती, रूपराव मंदिरात बसलेले. स्वयंपाकघरात चुलीसमोर एक बाई पुरणाच्या पोळ्या लाटत होती. कपाळ मोकळं, हात झरझर चालणारे. मनकर्णाबाई म्हणाल्या, “हे प्रमिलाबाई.”

सुमतीबाई दारातच थबकल्या. अगदी पडवीतली आईच समोर बसली असल्यासारखं त्यांना झालं. त्या मनकर्णाबाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “मावशी, यांनाही बसवा ना माझ्याबरोबर. दोघी जेवू.”

हळूच बोलल्या तरी प्रमिलाबाईनं ऐकलं. लाटणं न थांबवता ती म्हणाली, “बसा वो बाई तुमी गुमान. वीस वर्सं म्या खाल्लं, खाऊन खाऊन कटाळली. या मनकर्णीच्या हातचं पुरण पचत नाई अर्ध्या गावाले.”

“ऐकलं का हिचं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “दरसाली सात पोळ्या हाणत जाये.”

“सहा.”

“सात. सातवी लपवून नेत जाये मालकासाठी.”

दोघी हसल्या. तव्यावरची पोळी फुगली, प्रमिलाबाईनं ती उलटली. “मले नाई चालत बाई,” ती आता वेगळ्या आवाजात म्हणाली. “तुमाले चालत असन पुस्तकात. मी बसली आन् याईच्या नातवाले काही झालं, तं गाव मलेच धरन. तुमी तं एसटीनं चालल्या जासान.”

बाईंनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं, पण त्यात हे वाक्य कुठं नव्हतं.

त्या पाटावर बसल्या. मनकर्णाबाईंनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, ओटीत खण-नारळ घातला. शेजारी आणखी एक पाट होता, त्यापुढं दुसरं ताट. दोन्ही ताटं सारखीच वाढली. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, पुरणपोळी. दुसऱ्या ताटातल्या सगळ्या वस्तू डाव्या हाताच्या बाजूनं मांडल्या होत्या. बाईंना वहीतला शब्द आठवला, डावरी. विचारायचं कारण नव्हतं.

मग मनकर्णाबाई मागच्या दाराशी गेल्या. दार वावराकडे उघडत होतं. तुरी कमरेएवढ्या वाढलेल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, एक हात चौकटीला लावला आणि वावरात निंदणाऱ्या बाईला घरातून हाक मारावी तशी मोकळ्या गळ्यानं हाक घातली.

“पंचफुलाबाई वोऽऽ! या, जेवाले या. लई उशीर झाला.”

तीनदा. तिसऱ्या हाकेनंतर त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, जणू तुरीतून वाट काढत यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग दारातून बाजूला सरल्या, कोणाला तरी आत येऊ देतात तशा.

“जेवा आता,” त्या बाईंना म्हणाल्या.

बाईंची पिशवी भिंतीला टेकवलेली होती. वही आत. त्यांनी ती काढली नाही. घास घेतला. पुरण गोड होतं, जरा जास्तच. प्रमिलाबाई वाढायला आली, तिनं पोळीवर तुपाची धार सोडली आणि म्हणाली, “लाजू नका.” बाईंनी मान खाली घातली आणि जेवत राहिल्या. आईच्या हातच्या पन्ह्याला वा म्हणणाऱ्या बायांची तोंडं त्यांना आठवत होती. आज आपलंही तसंच दिसत असेल, असं वाटलं. तरी ताटात काही टाकलं नाही.

निघताना मंदिराच्या पायरीवर रूपराव बसलेले दिसले. काठी दोन पायांमध्ये. बाईंना पाहून त्यांनी विचारलं, “भेटलं का?”

“भेटलं, रूपरावजी.”

त्यांचे ओठ हलले. बाईंना वाटलं, आता विचारतील. त्या सांगायला तयार होत्या. पण म्हातारा घराच्या दिशेनं पाहत राहिला, जिथून चुलीचा धूर वर चढत होता.

“मले नका सांगू,” तो म्हणाला. “सांगतलं तं एखाद्या दिवशी तोंडातून हाक निंगन. ते घरात आहे ना, तिले कसं वाटन?”

फाट्यावर एसटी तासभर उशिरा आली. त्या तासात बाईंनी दगडावर बसून वही उघडली आणि लिहिलं, ओळ सतरा, पंचफुला, सांगणार मनकर्णाबाई, त्यांना सासूनं सांगितलं, साल पंचावन्न. लिहून झालं तरी आनंद असा काही झाला नाही. पोट जड झालं होतं आणि कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरत होतं.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी पुस्तकाचे गठ्ठे पिपरी मेघेला आले. पाचशे प्रती. एकशे बाराव्या पानावर चाळीस नावं होती आणि सतराव्या जागी वहीतलीच ओळ. छापखानेवाल्यानं भलेपणानं विचारलं होतं, शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून आत घालू का. बाईंनी नको म्हटलं. चिठ्ठी गळून पडते, हे त्यांना शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं पाहून ठाऊक होतं.

दुपारी त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. काळ्या शाईचं पेन. कृष्णकांत एकेक प्रत घेऊन एकशे बारावं पान उघडत, पुढं सरकवत. बाई त्या ओळीवर बारीक रेघ मारून पुढं लिहीत, पंचफुला. कृष्णकांत शाई वाळेपर्यंत फुंकर घालत आणि प्रत बाजूला ठेवत. तास गेला, दुसरा गेला. बाईंचा अंगठा दुखू लागला, मग मनगट, मग खांदा. अक्षर पहिल्या प्रतीत नीट होतं, पन्नासाव्या प्रतीत फु वाकडा झाला.

“मी लिहू का थोडं?” कृष्णकांतांनी विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवून हात झटकला. त्यांच्याकडे पाहिलं, गठ्ठ्यांकडे पाहिलं.

“किती झाल्या?”

“त्रेसष्ट.”

“चहा करा,” सुमतीबाई म्हणाल्या आणि चौसष्टावी प्रत त्यांनी स्वतःच ओढून उघडली.